नऊ नंबरची पेटी

"ताई, तुमच्या पेट्यांत पॅड टाकायचं राह्यलं व्हतं. मी टाकलं समद्यांत."

यमुनाबाईंनी हे मला दुपारी पावणेचारला सांगितलं. पॅकहाऊसच्या दारात, पदराला हात पुसत. कुणाचं तरी अडलेलं काम आपण निस्तरल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. मी "बरं बरं" म्हणून पुढे निघाले. दोन पावलांनंतर त्या काय म्हणाल्या ते डोक्यात शिरलं आणि मी जागीच थांबले.

पॅड कशाचं ते आधी सांगते. दिंडोरी भागातली द्राक्षं परदेशी जातात तेव्हा पुठ्ठ्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत भरतात. पिशवी मिटण्याआधी द्राक्षांवर एक पातळ पॅड पसरतात. त्यात गंधकयुक्त क्षाराची पूड असते. ओल लागली की तिच्यातून सल्फर डायऑक्साइड हा वायू हळूहळू सुटतो आणि द्राक्षांना बुरशी लागत नाही. द्राक्षांसाठी उत्तम सोय. माझ्या पेट्यांत मात्र द्राक्षं नव्हती, चौदा जुनी हातमागाची लुगडी होती. रेशमी काठांची, काही खऱ्या जरीची. हा वायू ओलाव्यात मिसळला की आम्ल तयार होतं. त्याने रेशीम कमजोर होतं, जरी काळवंडते आणि जुने रंग चक्क उडून जातात.

शिवाय ती लुगडी माझी नव्हती. मालेगावच्या हनीफभाईंची होती.

मी बावीस वर्षं मुंबईत एका म्युझियमच्या कॉन्झर्व्हेशन लॅबमध्ये होते. जुनी वस्तू आहे त्या अवस्थेत जास्तीत जास्त वर्षं टिकवायची, हे आमचं काम. शेवटची चार वर्षं मी वस्तूंपेक्षा फायलींनाच जास्त हात लावला. शेवटी वैतागून राजीनामा दिला, नाशकातल्या आमच्या घरी आले आणि खाजगी संग्रहांची निगा राखायचा व्यवसाय सुरू केला. नाशिक परिसरात आता संग्रह करणारे बरेच आहेत. कुणाकडे चित्रं, कुणाकडे पितळी दिवे, कुणाकडे जुने नकाशे. पण व्हिजिटिंग कार्ड हातात घेतलं की दहातले आठ जण विचारायचे, "म्हणजे पेस्ट कंट्रोल का?" माझी नणंद तर सगळ्यांना सांगत होती, वैशालीने मोठी नोकरी सोडून जुन्या वस्तू पुसायचं काम धरलंय.

हनीफभाईंनी मात्र असं काही विचारलं नाही. ते सुताचे जुने व्यापारी, आता सत्तरीचे. मालेगावात घराघरातले हातमाग निघून पॉवरलूम बसले, त्या काळात त्यांनी एक नाद धरला. ज्या घरातला माग मोडीत निघेल त्या घरातून एक लुगडं मागून आणायचं. अशी अडीचशेच्या आसपास लुगडी त्यांनी लोखंडी कपाटांत डांबरगोळ्या घालून जपली होती. तरी कसर लागली. रेशमी काठांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडायला लागली. मी पाहायला गेले तेव्हा त्यांनी सगळ्यात जास्त भोकं पडलेली चौदा लुगडी वेगळी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "पहिले ही चौदा. नीट झाली तर बाकीची पण तुमचीच."

म्हणजे या चौदांवर माझा व्यवसाय उभा राहणार होता किंवा झोपणार होता. पण त्याचीच भीती होती असं म्हटलं तर ते खरं नाही. त्यांतल्या एकेका लुगड्याचा काठ मला दुसऱ्या कुठल्याही संग्रहात दिसलेला नव्हता. विणणारे गेले, माग भंगारात गेले. हे बिघडलं की संपलं.

कसर मारायचा सगळ्यात निर्धोक उपाय म्हणजे थंडी. औषध नाही, धूर नाही. कापड मऊ मलमलीत गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करायचं आणि उणे वीसमध्ये आठवडाभर ठेवायचं. अळी मरते, अंडीही मरतात. म्युझियममध्ये यासाठी कपाटाएवढा फ्रीझर होता. माझ्याकडे घरच्या फ्रिजमध्ये बर्फाचे दोन ट्रे होते. तेव्हा मला धाकट्या भावाचे वर्गमित्र निकम आठवले. ते दिंडोरीजवळच्या एका पॅकहाऊसचे मॅनेजर. तिथे तोडलेली द्राक्षं गार करायच्या प्रीकूलिंगच्या खोल्या होत्याच, शिवाय मटार गोठवून ठेवायला उणे वीसचं एक मोठं स्टोअरही होतं. निकमांनी मला त्यातला एक कोपरा दिला. आनंदाच्या भरात मी त्यांच्याकडूनच चौदा कोऱ्या पेट्याही घेतल्या. स्वच्छ, मजबूत आणि अगदी हव्या त्या मापाच्या. द्राक्षांच्या.

ही माझी पहिली चूक. दुसरी चूक तर मी बावीस वर्षं नियम म्हणून पाळलेली होती. म्युझियममध्ये पेटीवर आतल्या वस्तूचं नाव लिहीत नाहीत, फक्त नंबर लिहितात. उचलणाऱ्याला आत काय आहे ते कळू नये, म्हणजे चोरीची भीती नाही. मी त्या सवयीने प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात नंबर घातला. एक ते चौदा. बाकी पेटी कोरी.

सकाळी साडेदहाला मी पेट्या घेऊन पोचले तेव्हा पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या सीझनची धांदल होती. निकम फोनवर होते. त्यांनी हातानेच खूण केली, ठेवा, आत लावून घेतो. मी गेटवरच्या वॉचमनची माझ्या छापील ट्रान्झिट फॉर्मवर सही घेतली आणि निर्धास्त झाले. म्युझियममध्ये सही झाली की जबाबदारी पुढच्या माणसावर गेली. इथे वॉचमनने फॉर्म उलटा धरून सही केली होती, तेही मी पाहिलं होतं. तरीही मी गंगापूर रोडला दुसऱ्या एका माणसाची चित्रं पाहायला निघून गेले.

आता पावणेचार वाजले होते. पेट्या स्टोअरमध्ये जाऊन अडीच-तीन तास झाले होते.

मी मागे वळून यमुनाबाईंवर जवळजवळ ओरडलेच. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं पेट्या उघडायला?"

त्या गोंधळल्या. हरसूलकडच्या, पन्नाशीच्या, दर सीझनला चार महिने इथे पॅकिंगला येणाऱ्या बाई. त्यांच्या वयाचं आणि अनुभवाचं भान मला तेव्हा राहिलं नाही.

"सांगायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "पेटी आली का पॅड पडतंच. ट्रॉलीवर पेट्या बिनपॅडच्या दिसल्या. तशीच म्होरं गेली असती तर साहेब आमच्यावर आले असते. पिशवीची चिकटपट्टी काढली, आत पॅड ठेवलं, परत बंद केली. कापडाला हात नाय लावला."

"कापड आहे हे दिसलं ना तुम्हाला?"

"पांढरं फडकं दिसलं. मला वाटलं नवीन कायतरी पद्धत आली आसंल. दर साली नवीन येतं."

पेटी त्यांची, माप त्यांचं, पिशवी तशीच, आणि पेटीवर एक अक्षर नाही. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं.

माझ्या मनात पहिला विचार आला तो सगळ्या पेट्या ओढून बाहेर काढायचा. मी स्टोअरच्या दिशेने पळालेही. मग अर्ध्या वाटेत थांबले. फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम सुटतो. उणे वीसमधली पिशवी फेब्रुवारीच्या दुपारी बाहेर उघडली असती तर तोच घाम लुगड्यावर आणि पॅडवर सुटला असता. आणि पॅड ओल लागायचीच वाट पाहत असतं. आत थंडीत, कोरड्या हवेत ते जवळजवळ झोपलेलं होतं. बाहेर आणलं की जागं होणार. तसंच आठवडाभर आत ठेवलं तरी कधीतरी बाहेर आणावंच लागणार, तेव्हा पॅड पिशवीच्या आतच असणार. म्हणजे पॅड काढायची एकच जागा उरली, ती म्हणजे स्टोअरच्या आत, उणे वीसमध्ये.

निकमांच्या केबिनमध्ये जाऊन मी हे भराभर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"मॅडम, आतले पंखे जोरात असतात. तुमचं कापड उघडलं तर उडेल. पंखे बंद करायचे म्हटले तर तापमान चढतं. आत कस्टमरचा मटार आहे."

"माझाही कस्टमरचाच माल आहे, निकम."

"मटार वितळायला लागला ना, की परत गोठून त्याचा गोळा होतो. मला त्याचा जबाब द्यावा लागेल."

मी किती मिनिटं देता ते विचारलं. त्यांनी वीस मिनिटं दिली. तापमानाचा काटा उणे पंधराच्या वर गेला की ते पंखे सुरू करणार, मी कुठेही असले तरी. आणि एका वेळी दहा मिनिटांच्या वर कुणीही आत राहायचं नाही, हा तिथला नियमच होता. मी कबूल केलं. न करून सांगते कोणाला.

बरोबर कोण येणार, हा प्रश्न यमुनाबाईंनीच सोडवला. त्या भिंतीवरचं जाड जाकीट अंगात घालतच होत्या. "मी बंद केल्यात, मीच सोडते. कुठली कशी मिटलीय ते मला ठावं हाय," एवढंच म्हणाल्या. जाकीट त्यांना गुडघ्यापर्यंत येत होतं.

आत गेल्यावर पहिला श्वास नाकात टोचला. पंखे थांबले आणि एकदम शांतता झाली. मी दोघींनाही मास्क लावले होते, कारण श्वासातली वाफसुद्धा तिथे कापडावर हिम होऊन बसते. तोंड बाजूला वळवून काम करायचं होतं. शिवाय गोठलेलं रेशीम वाकवायचं नाही. खऱ्या जरीची तार त्या थंडीत कडक झालेली असते, घडी हलली की तुटते. म्हणजे लुगड्याला अजिबात न हलवता वरचं पॅड दोन्ही हातांनी सपाट उचलायचं.

पहिली पेटी उघडायला आम्हाला जवळजवळ दोन मिनिटं लागली. या वेगाने गेलो असतो तर अर्ध्याही झाल्या नसत्या. यमुनाबाईंनी मला बाजूला सरकवलं. त्या पिशवीचं तोंड एका झटक्यात पण अलगद उलगडायच्या, मी पॅड उचलून मागे टाकायचे, त्या पिशवी मिटायच्या. तिसऱ्या पेटीपासून हात बसला. पॅडं कोरडी होती, कुरकुरीत. त्या वेळी मला वाटलेला आनंद सांगता येत नाही.

पाचव्या पेटीला माझी चिकटपट्टी चिकटेना. म्युझियमवाली, परदेशी, खास मागवलेली. उणे वीसमध्ये तिचा गोंद मेला होता. पिशवी उघडी राहिली तर नंतर बाहेर काढताना सगळी ओल आत जाणार. यमुनाबाईंनी जाकिटाच्या आत हात घालून कमरेला खोचलेली सुतळी काढली, पिशवीचं तोंड पिळून दोनदा दुमडलं आणि गाठ मारली. मी ती गाठ ओढून पाहिली. हवा जायला फट नव्हती.

दहा मिनिटांनी निकमांनी दार ठोठावून आम्हाला बाहेर काढलं. काटा उणे सतरावर होता. पाच मिनिटं आम्ही उन्हात उभ्या राहिलो, बोटं काखेत दाबून. परत आत गेलो. शेवटची पेटी बांधली तेव्हा पंखे सुरू व्हायला दीड मिनिट उरलं होतं. मी सवयीने नंबर मोजले आणि पुन्हा मोजले.

तेरा. नऊ नंबरची पेटी नव्हती.

बाहेर येऊन मी यमुनाबाईंना विचारलं. त्या डोळे मिटून आठवायला लागल्या. पेट्या ट्रॉलीवरून दोन-दोन करून त्यांनी आपल्या टेबलावर घेतल्या होत्या. शेवटच्या दोनांतली एक ट्रॉलीवर ठेवली आणि जेवणाची घंटा झाली. दुसरी पॅड घालून, बंद करून टेबलाच्या कडेला राहिली. जेवून आल्या तेव्हा टेबल रिकामं होतं. त्यांना वाटलं कुणीतरी ट्रॉलीवर ठेवली.

त्या टेबलाच्या पलीकडे द्राक्षांची लाईन होती. भरलेली, बंद केलेली पेटी दिसली की तिथली माणसं ती उचलून पॅलेटवर रचतात. पॅलेट म्हणजे लाकडी पाट, त्यावर माणसाच्या उंचीपेक्षा जास्त पेट्या रचून पट्ट्यांनी आवळतात. पॅलेट तयार झालं की ते सरळ प्रीकूलिंगमध्ये जातं. तिथे तापमान शून्याच्या जवळपास, पण हवा मुद्दाम दमट ठेवलेली, देठं सुकू नयेत म्हणून. पॅडला हवी तशी. आणि आजूबाजूच्या प्रत्येक पेटीत आणखी पॅडं.

मी निकमांना प्रीकूलिंग उघडायला सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. सहाला कंटेनर भरून बंदराकडे सुटणार होता. इन्स्पेक्शन झालेलं होतं, पॅलेटवर लेबलं लागली होती.

"पॅलेट फोडता येणार नाही, मॅडम. एका पेटीसाठी मी अख्खं शिपमेंट थांबवू का?"

मी चिडले होते, पण आवाज चढवला नाही. म्युझियममध्ये वरिष्ठांशी बोलून बोलून एवढं शिकले होते की आपली अडचण सांगून काही होत नाही, त्यांची अडचण सांगावी लागते.

"नका थांबवू. तिकडे गेल्यावर कुणीतरी पेटी उघडेल आणि द्राक्षांच्या जागी नऊवारी लुगडं निघेल. तुमच्या लेबलखाली. मग ते किती पेट्या तपासतील, ते तुम्हीच सांगा."

निकमांनी उठून टॉर्च घेतला.

खोलीत बावीस पॅलेटं होती. प्रत्येकावर शंभराच्या वर पेट्या. बाहेरून सगळ्या एकसारख्या. माझा पेन्सिलीचा बारीक नंबर कुठल्या बाजूला गेला असेल ते देवाला ठाऊक. यमुनाबाईंनी पुढे होऊन सांगितलं, जेवणाच्या घंटेला दुसऱ्या बागेचा माल चालू होता, मोठ्या मण्याचा. त्या बागेची पॅलेटं तीनच. मग आम्ही त्या तीनवर आलो. पेटीला हवा जायला भोकं असतात, आणि गार हवा पोचावी म्हणून पेट्या अशा रचतात की प्रत्येकीची एक बाजू बाहेर राहते. निकम टॉर्च धरायचे, मी एकेका भोकाला डोळा लावायचे. हिरवे मणी, हिरवे मणी, हिरवे मणी. थंडीने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

पहिल्या पॅलेटवर काही मिळालं नाही. दुसऱ्यावर खालून चौथ्या थरात भोकातून पांढरं दिसलं. मलमल.

"इथं," मी म्हणाले.

निकमांनी स्वतः पट्ट्या कापल्या. वरचे थर उतरवले. पेटी हातात आली तेव्हा भोकांतून काडी ओढल्यावर येतो तसा उग्र वास येत होता. पाच तास झाले होते. मी ती तिथेच उघडली, पॅड काढलं. ते मऊ पडलं होतं. वरची दमट मलमल काढून कोरडी घातली, नव्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, म्हणजे ओल शोषणारे दाणे, आणि या वेळी चिकटपट्टीच्या नादी न लागता सुतळीने बांधली. पेटी माझ्या गाडीत ठेवून झाल्यावर यमुनाबाईंनी विचारलं, "माझी नोकरी जाईल का ताई?"

मी नाही म्हणाले. मग परत आत जाऊन निकमांना सांगितलं की चूक माझी आहे, आणि हे त्यांनी लिहून घ्यावं. त्यांनी घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घरातल्या तापमानाला आल्यावर मी नऊ नंबर उघडलं. अंजिरी अंग, राणी रंगाचे रुंद काठ. वरच्या घडीवर काठाचा वितीएवढा राणी रंग उडून मातकट झाला होता. पॅडमधल्या पुडीच्या कप्प्यांचे चौकोन त्यात छापल्यासारखे उठले होते. रेशीम शाबूत होतं. जुना राणी रंग गंधकाला लगेच बळी पडतो, हे मला माहीत होतं. मी ते विद्यार्थ्यांना शिकवलेलंही आहे. मी टेबलापाशी बसून रडले, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग लॅपटॉप उघडून इन्सिडेंट रिपोर्ट लिहायला घेतला. हात आपोआप चालला. 'वाहतुकीदरम्यान पॅकेजिंग साहित्याशी अनपेक्षित संपर्क आल्याने काठाच्या रंगात स्थानिक स्वरूपाचा बदल आढळला.' म्युझियममध्ये असं वाक्य फाईलला लागतं, वर जातं, समितीपुढे येतं, आणि वस्तू देणाऱ्याला कधीतरी वर्षाने कळतं. वाक्य पुन्हा वाचलं. त्यात माणूसच नव्हता. मी ते पुसलं, लुगडं गाडीत ठेवलं आणि मालेगावला निघाले. चांदवडच्या घाटात दोनदा मनात आलं की उरलेली तेरा नीट बाहेर येईपर्यंत थांबावं, मग चांगली बातमी आधी सांगता येईल. गाडी वळवली नाही, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

हनीफभाईंच्या बैठकीत मी लुगडं चादरीवर उलगडलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं. पेटी पॅकहाऊसचीच घेतली, वर काही लिहिलं नाही, वॉचमनची सही घेऊन निघून गेले. यमुनाबाईंचं नाव घेतलं नाही. पॅकहाऊसच्या लोकांनी रोजचं काम केलं, एवढंच सांगितलं.

त्यांनी काठ नाकाशी नेला. मग अंगठ्याने चोळला.

"गंधक," ते म्हणाले. "पहिले रेशीम पांढरं करायला याचीच धुरी देत होते. अब्बांच्या कारखान्यात मी दिलेली हे." मग त्यांनी विचारलं, "रंग परत येईल?"

"नाही. मी वर दुसरा रंग लावणार नाही. लावला तर ते खोटं होईल."

"तुम्ही आला नसता तर मला कधी कळलं असतं?"

"लुगडं परत दिल्यावर."

आतून चहा आला, तो तसाच राहिला. मी मनातल्या मनात दुकान बंद करून टाकलं होतं.

मग त्यांनी लुगड्याचा आतला कोपरा उलटा केला. प्रत्येक लुगड्याला तिथे त्यांनी सुती पट्टी टाकून घेतली आहे, वर उर्दूत आणि मराठीत विणणाऱ्याचं नाव. या पट्टीवर लिहिलं होतं, अब्दुल करीम. खाली एक ओळ, माग बंद झाला त्या सालाची.

"बाकीची देतो," हनीफभाई म्हणाले. "पण एक शर्त हे. ज्यानं विणलं त्याचं नाव इथं हे. ज्याच्या हातून रंग गेला त्याचं पण इथंच राहिलं पायजे. माझ्या मागं कोणी हे बघितलं, तर त्याला वाटायला नको की करीमचा रंग कच्चा होता."

उरलेली तेरा आठवड्याने कोरडी आणि निर्दोष बाहेर आली. बाकीची लुगडी, नऊ नंबरसकट, वर्षभरात टप्प्याटप्प्याने झाली, त्याच स्टोअरमध्ये, आणि दर खेपेला मी यमुनाबाईंबरोबर स्वतः आत गेले. पेट्या आता वेगळ्या मापाच्या असतात आणि प्रत्येकीवर चारी बाजूंनी तळहाताएवढ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं असतं: आत कापड आहे, पॅड घालू नये. चोराला वाचता आलं तर येवो. उचलणाऱ्याला वाचता आलं पाहिजे.

पण त्या दुपारी हनीफभाईंच्या बैठकीत मी फक्त सुईदोरा मागितला. सुती पट्टीचा एक तुकडा कापून त्यावर तारीख, कारण आणि माझं पूर्ण नाव लिहिलं आणि अब्दुल करीमच्या नावाखाली चार टाके घालून शिवलं. बावीस वर्षांत म्युझियमच्या एकाही लेबलवर माझं नाव आलं नव्हतं. तशी तिथे पद्धतच नाही. पहिल्यांदा आलं ते या लुगड्यावर, न पुसल्या जाणाऱ्या शाईत.